कुरराने मासा सोडला नाही

॥ श्री ॥
पालदे, तालुका श्रीवर्धन
आश्विन शुद्ध दशमी, शके १८७९ (सन १९५७)

पत्राच्या आरंभी मायना लिहावा लागतो, आणि सकाळपासून मी तिथेच अडलो आहे. कन्येस काय लिहावे ते ठाऊक आहे. पण जिला आपणच विधिपूर्वक मृत ठरविले तिला काय लिहावे, याचा नियम मला कोणत्याही ग्रंथात सापडला नाही. म्हणून ती जागा कोरी ठेवून पुढे जातो.

गोदू, कुरर आला.

सूर्य कासराभर वर आला असेल. मी तळ्याच्या बांधावरील चौकीत जपाला बसलो होतो. नवाबाच्या अमलात या चौकीतून समुद्रावर नजर ठेवीत. संस्थान गेले, शिपाई गेले, दगडी बाक तेवढे राहिले. पूर्वेस आपले तळे, पश्चिमेस सुपारीच्या आगरांपलीकडे समुद्र. या बाकावर तू चार वर्षांची असल्यापासून माझ्या डावीकडे बसत असस. कोणता पक्षी कोणत्या तिथीस आला ते मी पंचांगाच्या कडेला लिहावे आणि तू आधी ओळखल्याबद्दल माझ्याकडून खडीसाखर घ्यावी, असा आपला करार होता.

तर तो आला. वठलेल्या उंडीवर बसला. पोट शुभ्र, डोळ्यावरून काजळाची रेघ ओढावी तशी काळी पट्टी. ज्या घरी तू गेलीस त्या घरचे लोक त्याला कैकर म्हणतात; मी मात्र पुराणातल्या नावानेच हाक मारतो. भोवत्या पक्षीही दोन आले आहेत, ते भाताच्या खाचरांवरून पाण्यावर वारा फिरावा तसे फिरतात. हे सारे तुला कळवावेसे वाटले, इतकेच.

त्या संध्याकाळचा विषय टाळणार होतो. पण चौकीतून खाली पाहिले की घाटाच्या पायऱ्या दिसतातच. इथल्याच कोळीवाड्यातल्या गुणाजीशी तू मुंबईस विवाह केल्याची वार्ता आली, ज्ञातीची सभा बसली, आणि तुझ्या रावजीकाकाने व इतर बांधवांनी मजकडून तो विधी करविला. माणूस जिवंत असता त्याच्या नावाने पाण्याचा घडा भरावयाचा आणि दासीने तो पायाने लवंडावयाचा. मग तो माणूस घरच्यांना मेला. ठमाबाईने घडा लवंडला. मी दक्षिणेकडे तोंड करून डोळे मिटून उभा होतो. घडा पायऱ्यांवरून पोकळ खडखडत गेला आणि कुठेतरी फुटला, एवढेच ऐकले. तो आवाज अजून ऐकू येतो.

कुरराची कथा तुला पाठ आहे. चोचीत मांस होते तोवर इतर पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने ते टाकले आणि तो सुखी झाला. मी या कथेवर किती प्रवचने केली! त्या रात्रीही मनाला तेच सांगितले, की टाक, म्हणजे सुखी होशील.

तुझा पत्ता ठमाबाईने दिला. तिच्याकडे तो आठ वर्षे होता, हे मला आज समजले. तुझ्या सासूबाई सोनूबाई मासळी घेऊन तिच्या झोपडीवर येतात म्हणे. उत्तराची अपेक्षा नाही.

नाना


मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८७९

उत्तराची अपेक्षा नाही असे लिहिले होते. तरी टपालवाला वळणावर दिसला की मी पोथी मिटतो.

चतुर आले. उत्तरेच्या वाऱ्यावर लक्षावधी चतुर तळ्यावर तरंगू लागले, ऊन जणू पंख फुटून उडत होते. आणि त्यांच्यामागून ते लहान ससाणे आले. राखी अंग, शेंदरी पाय. तीन दिवस आभाळ त्यांनी भरले. उडता उडता पायाने चतुर धरतात आणि उडता उडताच खातात. चौथ्या दिवशी थवा उंच चढला, एक फेरी घेतली आणि सरळ पश्चिमेस समुद्रावर निघून गेला.

मला आता ते धुरासारखे दिसतात. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, डावा त्याच वाटेवर आहे. मोजणीसाठी ठमाबाईस बरोबर घेऊन बसतो.

"किती?" मी विचारले.

"लय."

"लय हा आकडा नव्हे, ठमाबाई."

"नाना, मला ईसाच्या म्होरं येत न्हाय. ईस झाले की एक खडा वटीत टाकते. आता वटी फाटाया लागली. मोजायचं का लुगडं वाचवायचं, ते सांगा."

खडे मोजले. चोवीस. म्हणजे चारशे ऐंशी, आणि तिने डोळे चोळले तेवढ्यात निसटले ते वेगळे.

तू सात वर्षांची असता याच थव्याला पाहून रडली होतीस. गावात म्हणत, पश्चिमेस जमीन नाही, ते समुद्रात जीव देतात. "त्यांना कोणी सांगत का नाही, नाना?" असे विचारून तू माझे उपरणे ओढलेस. मी म्हणालो, ते वरुणाच्या घरी जातात. गोदू, ते मी ठोकून दिले होते. ते कुठे जातात हे मला ठाऊक नव्हते, आजही नाही. सर्व शास्त्रांचा व्यासंग करूनही माझ्या डोळ्यांसमोरून दरवर्षी एक प्रश्न उडत जातो, आणि मी बांधावर बसून राहतो.

तू लहान होतीस म्हणून खोटे सांगितले. ते मागे घेतो.

नाना


पौष शुद्ध एकादशी, शके १८७९ (सन १९५८)

तुझे कार्ड आले. मायना नाही, सही नाही. तुझ्या हातचा 'ळ' मी ओळखला, त्याची गाठ अजून सुटलेली नाही.

"नाना, ते बुडत नाहीत. यांची बोट मुंबईहून निघून सहा दिवस झाले होते. चहूकडे पाणी. तिन्हीसांजेस चाळीसभर डोलकाठीवर उतरले, रात्रभर बसले, पहाटे पश्चिमेस गेले. पुढे आफ्रिका आहे."

मी ते ठमाबाईस वाचून दाखविले. मग मारुतीच्या पुजाऱ्यास. मग कोणी नव्हते म्हणून तळ्यास वाचून दाखविले. चाळीस वर्षे जो प्रश्न मी पोथ्यांत शोधला, त्याचे उत्तर त्या बोटीवरील एका खलाशाने मान वर करून पाहिले. त्याचे नाव मी घरात उच्चारू देत नसे. गुणाजी. बघ, लिहिले.

उत्तर आल्यावर खोटे बोलून चालावयाचे नाही. पहिल्या पत्रात मी रावजीचे नाव घेतले. तो गेल्या श्रावणात वारला, म्हणून त्याच्यावर ढकलणे सोपे झाले. खरे असे आहे की रावजी सभेत म्हणाला, "नाना, पोर आहे. चार वर्षे जाऊ द्या, बोभाटा निवेल." इतरांनीही माना खाली घातल्या. विधी पाहिजे हे मी म्हणालो. विधीला निंद्य दिवस लागतो. पंचांग उघडून तोही मीच काढला. त्याच पंचांगाच्या कडेला त्याच महिन्यात 'शिक्रा, एक जोडी' असे माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे.

आणि दुसरे. तुझी आई गेली तेव्हा तू बोटीने आलीस आणि वेशीवरच्या चिंचेखाली दिवसभर उभी राहिलीस. मी म्हणत आलो की मला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. ओटीवरून चिंच दिसते, आणि तेव्हा माझे डोळे चांगले होते.

आता मुद्द्याचे. ज्या स्मृतीत घडा लवंडण्याचा विधी आहे तीतच परतीची वाट आहे. प्रायश्चित्त झाले की आप्त त्या व्यक्तीसह पवित्र जलाशयात स्नान करतात आणि नवा, पाण्याने भरलेला घडा सर्वांनी मिळून जळात सोडतात. मग ती व्यक्ती पुन्हा आपली. तू तीन दिवसांचे उपोषण कर, फार कठीण नाही. मी घडा आणून ठेवतो. कुरर असेतो, म्हणजे चैत्रापर्यंत, ये.

नाना


आश्विन शुद्ध त्रयोदशी, शके १८८१ (सन १९५९)

"मेलेल्या माणसाने उपोषण कसे करायचे ते कळवा, म्हणजे करीन."

तुझे हे कार्ड पावणेदोन वर्षे माझ्या पंचांगात खुणेसाठी आहे. मी उत्तर दिले नाही, कारण मला राग आला होता. केवढी सोपी वाट दाखविली आणि पोरीने थट्टा केली, असे वाटले. तो राग दोन कुररांएवढा टिकला. म्हणजे कुरर दोनदा आला, आणि मी तुला कळविले नाही.

काल जे घडले ते मात्र कळविलेच पाहिजे. ठमाबाईचे शब्द तिचेच ठेवतो.

आम्ही चौकीत होतो. कुरर तळ्यावर फडफडत एका जागी थांबला, पाय पुढे करून पाण्यात कोसळला आणि वर आला. मला पाणी उडाल्याचा आवाज आला, पुढचे ठमाबाईने सांगितले.

"घावला. हातभर मरळ हाय. आता त्या दोन घारी लागल्या मागं. तांबड्या. मारतायत बघा चोची."

"सोडील," मी म्हणालो. "शेवटी सोडतोच."

"न्हाय सोडला."

"थोडा धीर धर."

"एक पीस उडालं. वाकडा झाला. न्हाय सोडला. पार खाडीपातूर नेला की हो! घारी बसल्या बोंबलत."

"पुराणात त्याने सोडला आहे, ठमाबाई."

"पोथीतला सोडत आसंल. त्याला काय भूक हाय? ह्यो न्हाय सोडत." मग तिने ओटीतले खडे बाकावर ठेवले. "मी बी न्हाय सोडली, नाना."

"काय?"

"गोदूताय. घडा रिकामा व्हता."

"कोणता घडा?" मी विचारले.

"त्या सांजंला. तुमी म्हनालात भर, मी भरला. तुमी डोळं मिटलं, मी पुन्ना तळ्यात वतला. मग लाथ मारली. पायऱ्या पावसानं वल्याच व्हत्या, कुनाला कळतंय? रावजीकाकांनी बघितलं. माज्याकडं बघितलं नि उपरन्यात तोंड पुसलं. बोलले न्हाईत. न्हाऊ घातलेली पोर ती माजी. तिच्या नावाचं पानी मी लाथाडू?"

गोदू, प्रथम मला काय वाटले ते लिहितो, ते शोभणारे नाही तरी. मला आनंद झाला. पंडिताचा आनंद! रिकाम्या घड्याने विधी सिद्ध होत नाही. म्हणजे तो झालाच नाही, तू मेलीच नाहीस, मी निर्दोष. भरलेला घडा पायऱ्यांवरून पोकळ खडखडत जात नाही, तो धपकन बसतो आणि पाणी पायाशी येते. पाण्याचा लोट माझ्या पायाशी आलाच नव्हता! दहा वर्षे तो आवाज मी रोज ऐकला आणि त्याचा अर्थ लावला नाही. मी टाळी वाजवून म्हणालो, "ठमाबाई, सगळे मिटले! काही झालेच नाही!"

तेव्हा ती म्हणाली, "घडा रिकामा व्हता. तुमचं मन व्हतं व्हय रिकामं? ते तर काठापातूर भरून तुमी लाथाडलंत."

आणि खडे तिथेच टाकून घरी निघून गेली. आज कामावर आली नाही.

नाना


कार्तिक वद्य चतुर्दशी, शके १८८१

अक्षर हलत असेल तर क्षमा कर. आज एक घास.

मी चांद्रायण धरले आहे. कार्तिकाच्या प्रतिपदेस एक घास, द्वितीयेस दोन, पौर्णिमेस पंधरा. मग चंद्राबरोबर एकेक उतरवीत यावयाचे. उद्या अमावास्या, उद्या काही नाही. तुला तीन दिवस सांगितले होते, मी महिना घेतला. परंतु हे तुझ्या वाटचे नव्हे. प्रायश्चित्त ज्याने केले त्याने करावयाचे असते, एवढी साधी गोष्ट समजावयास मला रिकामा घडा लागला.

ठमाबाई तीन आठवड्यांनी परत आली. उंबऱ्यावरूनच म्हणाली, "उपास करून मेलात तर मला काय तोंड दावायचं तिला? आदी घास मोठा करा." घास मोराच्या अंड्याएवढा असावा असे वचन आहे, म्हणून सांगितले. "मोर कुनी बघितलाय हितं? राजहंसाचं समजा," म्हणाली, आणि भाताचा एक भलामोठा गोळा ताटात ठेवला. मी त्यातला शास्त्राएवढा घेतला. उरलेला तिने बांधावर टाकला. तिथे कावळे आता मला ओळखतात.

उपवासाने डोळे सुधारत नाहीत, पण काही वेगळे होते. काल दुपारी चौकीत बसलो असता तळे आणि आभाळ यांमधली रेघ पुसली गेली. कमळे वर तरंगत होती आणि ससाणे खाली, पाण्याच्या तळाशी, रांगेने पश्चिमेकडे जात होते. त्यांच्या पायांचा शेंदूर तेवढा मला दिसला. कोणीतरी माझ्या डावीकडे येऊन बसले. मी मान वळविली नाही, वळविली तर जाईल असे वाटले. "आज काय आले, नाना?" असे विचारल्याचे स्पष्ट ऐकले. मी म्हणालो, "तू सांग." बराच वेळ आम्ही दोघे बसून होतो. मग वारा सुटला, पाण्यावर सुरकुती आली, आणि बाक रिकामे होते. पण डाव्या बाजूचा दगड मला कोमट लागला. ऊन तिथे येत नाही.

कुरराबद्दल माझे प्रवचन चुकले होते. ज्याने चोचीतले आमिष सोडले तो सुखी झाला, हे खरे असेलही. परंतु आमिष कशाला म्हणावे हे ठरविण्यात मी चुकलो. माझी अब्रू ते आमिष होते. ते मी चोचीत गच्च धरून ठेवले, आणि तुला टाकले.

तू येशील तर ये. न येशील तर तोही तुझा न्याय. अट काही नाही.

नाना


भाद्रपद वद्य सप्तमी, शके १८८२ (सन १९६०)

तुझे पाकीट पोचले. प्रथमच कार्ड नव्हे, पाकीट. मारुतीच्या पुजाऱ्याने वाचून दाखविले आणि मध्येच थांबून नाक शिंकरले, त्यामुळे मला दोनदा वाचून घ्यावे लागले.

गुणाजीस मोंबासा बंदरात किनाऱ्यावरची नोकरी मिळाली आणि मार्गशीर्षात तुम्ही सारी जाणार, परत केव्हा ते ठाऊक नाही. म्हणजे ससाणे जातात त्याच दिशेस, त्याच महिन्यात. मी हसलो. मग पुष्कळ वेळ हसलो नाही.

'जाण्यापूर्वी एक दिवस येऊ, यांनाही घेऊन येईन, नाहीतर येणार नाही' असे तू लिहिलेस. दोघांनीही यावे, आणि तुमच्या लेकीस, नलूस, आणावे. भाऊच्या धक्क्यावरून श्रीवर्धनची बोट पावसाळ्यानंतर आता पुन्हा सुरू झाली आहे. बोट किनाऱ्यास लागत नाही, पडावातून उतरावे लागते. पण हे मी कोणाला सांगतो आहे!

वेशीवर चिंचेखाली उभे राहू नका. सरळ आत या. मीच चिंचेखाली उभा असेन.

नाना


मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, शके १८८२

चिरंजीव सौभाग्यवती गोदावरी हीस नानांचे अनेकोत्तम आशीर्वाद. चिरंजीव गुणाजी व चिरंजीव नलू यांसही तसेच.

बघ, मायना लिहिता आला. हात पुजाऱ्याचा आहे, शब्द माझे. हे पत्र तुम्हांला मोंबासास मिळेल.

तुम्ही गेल्यापासून तो दिवस मी रोज पुन्हा पाहतो. डोळ्यांनी पाहिला नव्हता, म्हणून तो पुसटही होत नाही. तुझा चेहरा मला धुक्यातल्या कमळासारखा दिसला. कुठे डोळे, कुठे कपाळ, कळेना. नलूने माझे बोट धरून विचारले, "आजोबा, तुम्हांला मी दिसते?" मी म्हणालो, थोडी. ती म्हणाली, "मग मी मोठ्याने बोलते."

घाटाच्या पायरीवर मी नवा घडा ठेवला होता. मनात सगळे योजून ठेवले होते. प्रायश्चित्त केलेला पतित मी. तू, गुणाजी आणि नलू माझे आप्त. तुम्ही माझ्यासह स्नान करावे, घडा भरून जळात सोडावा आणि मला परत घ्यावे. मी तसे बोललो. हात जोडले होते.

तू घडा उचललास, पाण्यात बुडविलास, भरलास. मी डोळे मिटले. त्या दिवशी मिटले तसेच. आता घडा पाण्यात सोडल्याचा आवाज येईल म्हणून वाट पाहत राहिलो.

"नाना," तू म्हणालीस, "चांगला भाजलेला घडा आहे. तळ्यात कशाला बुडवायचा? घरी पाणी भरलंय का आज?"

"न्हाय भरलं," ठमाबाई मागून म्हणाली. ती खोटे बोलली. सकाळीच भरले होते.

मग तू घडा कमरेवर घेतलास आणि पायऱ्या चढू लागलीस. मला वाट दिसत नव्हती. पण भरलेला घडा चालताना बोलतो, डबडब, डबडब. मी त्या आवाजामागून चाललो. त्याच पायऱ्यांवरून, गोदू. अकरा वर्षे कानात होता तो दुसरा आवाज कोणत्या पायरीवर राहिला, मला कळले नाही.

गुणाजी उंबऱ्याबाहेर थांबला. "या, आत या," मी म्हणालो. तो म्हणाला, "नाना, पाय धुतो, मग येतो. वाळू हाय पायाला." वाळूचे कारण त्याने मला लाज वाटू नये म्हणून काढले, हे मी ओळखले. मग ओटीवर बसून त्याने त्या रात्रीची हकीकत सांगितली. "एक पाखरू माज्या हाताजवळच बसलं व्हतं. छाती धडधडत व्हती त्याची, डोळं मिटलेलं. आमी चौघांनी त्या डोलकाठीखाली बिडी बी पेटवली न्हाय, म्हनलं झोपू दे." मी चाळीस वर्षे त्या पक्ष्यांना दुरून मोजले. त्याने त्यांची झोप राखली.

आणि तू त्या घड्यातले पाणी तांब्यात काढून माझ्यापुढे धरलेस. हात किंचित थांबला होता तुझा. तांब्याचा काठ माझ्या बोटांना लागला आणि तसाच राहिला. मी घेतो की नाही, हे तू पाहत होतीस. मी प्यालो. गार होते, त्याला नव्या मातीचा वास होता. सगळे संपेपर्यंत प्यालो, आणि तांब्या पुन्हा पुढे केला.

"आता ह्यो घडा लाथाडायला सांगू नका हां," ठमाबाई म्हणाली. "गुडघ्यात दम न्हाय." तेव्हा तू हसलीस. तुझ्या आईसारखी, आधी नाकातून.

परवा चतुर आले. आज तिसऱ्या प्रहरी ससाणे निघाले. ठमाबाईकडे एकतीस खडे झाले, शिवाय एक निम्मा, कारण शेवटचे दहाच होते. मी पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिलो. ते बुडत नाहीत, हे आता ठाऊक आहे. तरी त्याबरोबर आपले कोणीतरी तिकडे आहे हेही ठाऊक असले म्हणजे निरोप देणे सोपे जाते. ते तिथे पोचले की नलूस मोजावयास सांग आणि तिथी कळव. तिला विसाच्या पुढे येते. कुरर उंडीवर आहे, मासा धरून.

इकडचे वर्तमान एवढेच. रोज सकाळी ठमाबाई घडा घासून उंबऱ्यात उभी राहते आणि मुद्दाम विचारते, "काय नाना, भरू, का ऱ्हाऊ दे रिकामा?"

भर, मी म्हणतो. काठोकाठ भर.

नाना